डाव्यासाठी एक, उजव्यासाठी एक

९ मार्च

दादा,

तुझं पत्र पोचलं. आठ महिन्यांनी आलेलं पत्र साडेचार ओळींचं, आणि सोबत शेजारच्या फरशीवाल्याचं करारपत्र सात पानांचं. मधली भिंत पाडून आपली कार्यशाळा त्याला त्याच्या दुकानात घ्यायची आहे, हे मला ठाऊक होतंच. तो भिंतीपलीकडून मोजमापं घेतो, मला पट्टी ओढल्याचा आवाज ऐकू येतो. तू अजून सही केलेली नाहीस, तेवढ्यासाठी आभार.

तुझी अट मान्य. वेबसाइट पाहून आलेल्या लोकांसाठी वर्षअखेरपर्यंत साठ जोड शिवून, पोचते करायचे. साठ झाले तर कार्यशाळा राहील आणि तू पुन्हा विक्रीचं नाव काढणार नाहीस. एकोणसाठ झाले तरी मी मुकाट्याने सही करायची. 'मुकाट्याने' या शब्दाखाली तू दोन रेघा मारल्या आहेस, त्याही पाहिल्या.

पण वेबसाइट म्हणजे माझ्या वाचनाचा आणखी एक झटका, असं तू लिहिलंस, ते मात्र मान्य नाही. ज्यांचे दोन पाय एकमेकांशी जुळत नाहीत, अशा माणसांसाठी बाबांनी चाळीस वर्षं बूट केले. दाराला पाटी लावली नाही, कारण अधू पायाच्या माणसाला आत शिरताना रस्त्याने बघत राहू नये. त्या विचारापुढे मी आजही मान झुकवते. पण पाटी नसलेलं दार सापडायला आधी कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणारे संपत आले. दोन वर्षांपूर्वी एकसष्ट जोड झाले, गेल्या वर्षी अठ्ठेचाळीस. ज्यांचे पाय तुला पाठ होते त्यांतले निम्मे आता घराबाहेर पडत नाहीत, काही तर राहिलेच नाहीत. आणि कुठल्या कुठल्या घरांत अशी माणसं बसली आहेत ज्यांना वाटतं, आपल्या पायाला बूट होतच नाही. आपण आहोत हे त्यांना न कळवणं, याला तू साधेपणा म्हणतोस. मी त्याला अपराध म्हणते. व्यापाऱ्यांच्या सभेतही हेच म्हटलं होतं.

सभेत आणखी जे म्हटलं, त्याबद्दल आज लिहीत नाही.

वेबसाइटला खर्च फार नाही. तू तिकडे बुटांच्या कारखान्यात नोकरीवर निवांत राहा. तिथे दिवसाला दोन हजार जोड निघतात म्हणे. सगळे सारखे.

तुझी,
तोफ

(हे नाव तू ठेवलंस, मी नाही.)


२ मे

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस, तरी प्रगती कळवते.

वेबसाइट करणाऱ्या बाई पन्नाशीच्या आहेत. आधी बँकेत होत्या. आल्या त्या बाबांच्या स्टुलावर बसल्या, आणि कुठेही हात न लावता सगळी कलबुतं बघत राहिल्या. विचारलं, ही लाकडी पावलं कुणाची? मी सांगितलं, ज्याचा बूट त्याचं पाऊल. आधी माणसाच्या पायासारखं लाकूड कोरायचं, मग त्यावर चामडं चढवायचं. त्यांनी विचारलं, ही कोरतं कोण? मी म्हटलं, कोरली जातात.

त्यांनी कागदावर दोन आकडे लिहिले. पैशांत सांगितलं तर तू पत्र फाडशील, म्हणून आपल्या हिशेबात सांगते. पहिला आकडा नऊ जोडांचा. तयार साचा असतो, त्यात आपली नावं-छायाचित्रं भरायची, पंधरा दिवसांत काम संपलं. दुसरा चाळीस जोडांचा. त्यात सगळं आपल्या कामाच्या पद्धतीप्रमाणे पहिल्यापासून बांधायचं. मी म्हटलं, बाई, चाळीस जोडांत मी दुसरी कार्यशाळा उभी करीन. त्या शांतपणे म्हणाल्या, "खर्च मी सांगू शकते. किंमत तुम्हीच ठरवायची. या दारातून वर्षाला किती जण परत जातात?"

मी ताठ मानेने सांगितलं, एकही नाही.

"आणि दारापर्यंत येतच नाहीत असे किती?"

दादा, भर सभेत मला कुणी अडवू शकलेलं नाही, हे तू जाणतोस. या बाईंनी अडवलं. ज्याला आपण कधी पाहिलंच नाही त्याची मोजदाद कोण ठेवतं? मी खिडकीतून रस्ता बघितला. माणसं चालली होती. तेव्हापासून मी चालणाऱ्यांपेक्षा न दिसणाऱ्यांचाच विचार करते आहे.

तरीही घेतला नऊ जोडांचाच. तुझी बहीण आहे, हात आखडतोच.

आणि ऐक. वेबसाइट उघडून तीन आठवडे झाले, अकरा मागण्या आल्या. अकरा! बाबांच्या वेळेपासून शिवणारे आपले शिवणकाका कामाला लागले आहेत. साठातून अकरा वजा कर.

तोफ


१४ जून

दादा,

मागच्या पत्रात एक गोष्ट लपवली होती. खरं म्हणजे तेव्हा ती मलाच नीट कळली नव्हती. आता कळली आहे, आणि लपवायला जागा नाही, कारण अकरा खोकी परत येऊन बाकावर रचून ठेवली आहेत.

तयार साच्यात बुटाच्या मापासाठी एकच चौकोन होता. एकच. जगातल्या प्रत्येक दुकानात असतो तसा. मी तो शंभर वेळा पाहिला आणि मला काहीच खटकलं नाही. कारण आपल्याकडे माप आकड्यात बोलायची पद्धतच नाही. तू माणसाला बसवतोस, मोजा काढतोस, पाऊल तळहातावर घेऊन थोडा वेळ गप्प राहतोस, मग कागदावर ठेवून पेन्सिल फिरवतोस. पाय बोलतो, माणूस नाही. म्हणून आकड्याच्या चौकोनाकडे मी असं बघितलं, जसं एखाद्याच्या घरच्या पत्त्याकडे बघावं. तो कागदाला लागतो, कामाला नाही.

त्या अकरा जणांनी एक आकडा भरला. मोठ्या पायाचा. जन्मभर तसंच करत आलेत ते, लहान पायाच्या बोटांपुढे कापूस कोंबून. आणि आपण, बेजोड पायांचे बूट करणारे आपण, कधी नव्हे ते दोन सारखे बूट शिवून पाठवले.

शिवणकाका पहिली जोडी बाकावर ठेवून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "पोरी, चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपण सारखे बूट केले. काय देखणे झालेत. कुणालाच होणार नाहीत."

तेव्हाच मी हात थांबवायला हवा होता. मी म्हटलं, काका, मागणी आहे तशी पुरवा. तू असतास तर कागद बघूनच फेकून दिला असतास. एवढंच मान्य करते आहे, जास्त वाचू नकोस.

अकरापैकी दोघांनी रागावून लिहिलं. नऊ जणांनी काहीच लिहिलं नाही, नुसते बूट परत पाठवले. त्या नऊ जणांना सवय आहे, दादा. मला त्यांच्या रागाने काही झालं नसतं. त्यांच्या सवयीने मला झोडपलं.

"मापावर बूट शिवणाऱ्या तुम्ही, आणि स्वतःसाठी तयार साचा घेतलात." बाई आल्या तेव्हा एवढंच बोलल्या. हसल्याही नाहीत.

चाळीस जोडांचं काम त्यांना सांगितलं आहे. रक्कम कुठून आणली ते विचारू नकोस. तुझ्या वाट्याला हात लावलेला नाही, शपथेवर.


३ सप्टेंबर

दादा,

पुस्तकं विकली. विचारणार नाहीस म्हणून आपणहून सांगते. चारही कपाटं. जुन्या पुस्तकांचा दुकानदार आला, दोन-चार चाळली, मग काटा काढला आणि किलोवर घ्यायला लागला. मी म्हटलं, अहो, त्यांतल्या एकेकाने मला उभं राहायला शिकवलंय. तो म्हणाला, असेल ताई, पण वजनाला सगळी सारखीच. मला हसू आलं. आकडा घेऊन कुणीतरी माझ्याकडे आलं होतं, आणि किंमत मला एकटीला ठाऊक होती. शेवटी एक कपाटही त्यालाच दिलं तेव्हा रक्कम पुरी झाली.

आता नवी वेबसाइट. तिच्यावर पायाचं एकही छायाचित्र नाही. बाबांची पाटी न लावण्याची रीत तिथेही पाळली. बाकावरची कलबुतं आहेत, तीही कुणाचं नाव दिसणार नाही अशी. आणि मापासाठी दोन चौकोन. डाव्यासाठी एक, उजव्यासाठी एक. बाईंनी बजावलं होतं की दोन चौकोन पाहून लोकांना काहीतरी चुकलंय असं वाटेल, ते निघून जातील. मी म्हटलं, ज्यांना चूक वाटेल त्यांना खुशाल जाऊ दे. खाली तुझी रीत लिहिली आहे: मोजा काढा, कागदावर उभे राहा, घरातल्या कुणालातरी पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती फिरवायला सांगा, तो कागद टपालाने पाठवा. त्याखाली रिकामी जागा, काही सांगायचं असेल तर.

दादा, माणसं सांगताहेत.

एक संगीतशिक्षिका लिहिते की सव्वीस वर्षं ती दरवर्षी दोन मापांचे दोन जोड विकत घेते. डावे लहान, उजवे मोठे असे वापरते. उरलेले सव्वीस जोड कपाटात आहेत, टाकवत नाहीत, कारण त्यांचा काय दोष. एका गवंड्याला दुकानदाराने सांगितलं होतं, चालून चालून फरक जाणवेनासा होईल. तो लिहितो, तेवीस वर्षं झाली, अजून जाणवतो, अजून किती चालू ते कळवा. एकाने मुलीच्या लग्नाचा एकही फोटो घरात लावलेला नाही, कारण सगळ्या फोटोंत तो बुटांऐवजी चपलांत उभा आहे.

आणि एकाने दोन्ही आकडे भरले आहेत, डावा सात, उजवा साडेनऊ, आणि सांगायच्या जागेत फक्त एवढंच: "इथे दोन चौकोन आहेत."

हे वाचून मी उठून उभी राहिले. का, ते कळलं नाही. कुणीतरी आत आल्यासारखं वाटलं. मी आयुष्यभर शब्दांनी माणसं उभी केली, असा माझा समज होता. दोन रिकाम्या चौकोनांनी जे केलं ते माझ्या एकाही भाषणाला जमलेलं नाही.

आकडा कळवते: एकशे सहा मागण्या. पोचते झालेले जोड, सात.


२१ नोव्हेंबर

दादा,

काल दुपारी एक वेडेपणा केला. टपालाने आलेले पावलांचे कागद टेबलावर मावेनात, म्हणून बाक भिंतीला लावले आणि सगळे कागद जमिनीवर मांडले. दाराकडे पाठ, आत तोंड. दोनशे तेरा माणसं. कुणाची पेन्सिल सरळ, कुणाची थरथरलेली, एका कागदावर बाजूला छोटं बोट उमटलंय, पेन्सिल फिरवताना मुलाने शाईचा हात टेकवला असणार. एक डावा पाय टाचेवर उभाच राहत नाही, तिथे नुसता चवडा आहे. एक उजवा इतका लहान की मी आधी दुसऱ्या कुणाचा समजले.

शिवणकाका दारातून आत यायला तयार होईनात. म्हणाले, पाय कुठे ठेवू? आणि त्यांनी चपला काढल्या. मीही काढल्या. आम्ही दोघं भिंतीकडेने सरकत उभे राहिलो. ही सगळी कुठे होती, दादा? आपण इथे, ती तिथे, मधे नुसता रस्ता. वर्षानुवर्षं.

फरशीवाला डोकावला. त्याला म्हटलं, आत येऊ नका, गर्दी आहे. त्याने कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच पट्टी खिशात घातली.

आता जे मार्चपासून टाळते आहे ते.

त्या सभेत मी सगळ्यांसमोर म्हणाले, की माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस आहे, त्याला जगाशी देणंघेणं नाही. लोक हसले. तू शेवटच्या रांगेतून उठून गेलास. मी तुला जाताना पाहिलं आणि पुढचं वाक्य घेतलं, कारण ते चांगलं होतं. तू भिंतीकडे तोंड करून बसत होतास, कारण तिथल्या झरोक्यातून उजेड येतो आणि तू लाकूड कोरत होतास. हे मला तेव्हाही माहीत होतं.

कलबुतं कोरली जातात, असं मी बाईंना सांगितलं होतं. ती कोरली जात नाहीत. तू कोरतोस. तुझ्याशिवाय आम्ही जुन्या कलबुतांवर चामड्याच्या चकत्या चिकटवून काम भागवतो आहोत. काकांची नजर आता जवळची राहिलेली नाही. आठवड्याला दोन जोड होतात, तेही देव पाण्यात घालून. वेबसाइटने माणसं आणली. त्यांना चालवणारा माणूस मी घालवून बसले.


३१ डिसेंबर

दादा,

वर्ष संपलं. पोचते झालेले जोड चौतीस. मागण्या दोनशे चाळीसच्या वर आहेत, पण अट मागण्यांची नव्हती. मी हरले. सात पानांवर जिथे जिथे सही हवी तिथे केली आहे. सोबत पाठवते. तू केलीस की फरशीवाल्याकडे दे.

या वेळी भाषण नाही.

फक्त एका मागणीचा निकाल मला लावता येत नाही, तो तुझ्याकडून हवा. काल आली. डावा सहा, उजवा एक. मला वाटलं, आकडा चुकला. खाली लिहिलं होतं:

"तुमची वेबसाइट उजवीकडे शून्य घेत नाही, म्हणून एक लिहिलं आहे. एक नाही, काहीच नाही. लहानपणापासून नाही. मला एकच बूट हवा. सगळीकडे दोन्हींचे पैसे घेतात, तुम्ही कसे घेता ते आधी कळवावं."

दोन चौकोनांचा मला केवढा अभिमान होता, दादा. आणि त्यातही मी धरूनच चालले होते की प्रत्येकाला दोन पाय असणार. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दहा मिनिटं द्या. आता शून्य लिहिता येतं. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

एकच बूट मागणाऱ्या या बाईला काय कळवू? काका म्हणतात, अर्धा जोड, अर्धी किंमत, सरळ हिशेब आहे. मला तो सरळ वाटत नाही, पण का वाटत नाही ते सांगता येत नाही. बाबांच्या काळात असं कुणी आलेलं मला आठवत नाही. कार्यशाळा राहो वा जावो, त्या बाईला उत्तर जायला हवं. मी दहा दिवसांची मुदत मागून घेतली आहे.


१२ जानेवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, खाली नाव नाही, करारपत्राबद्दल अक्षर नाही. मी ते काकांना मोठ्याने वाचून दाखवलं, इथे पुन्हा उतरवते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही वाचायला मिळेल:

"एक बूट म्हणजे अर्धा जोड नव्हे. एका पायावर चालणारा माणूस कुबडीवर चालतो. कुबडी एक की दोन, कोणत्या काखेत, किती उंच, ते आधी विचार. पायाचा कागद त्याशिवाय निरुपयोगी. तळ त्या बाजूला झुकवावा लागतो, नाहीतर कंबर जाते. मेहनत पाऊण जोडाची. पाऊण किंमत घे, जास्त नको, कमीही नको."

काकांनी आरी खाली ठेवली. म्हणाले, कुबडी. कुबडीचं कुणाच्या मनात तरी आलं का?

नाही आलं. इतक्या माणसांचे कागद या जमिनीवर मांडून मी थक्क होऊन उभी राहिले, आणि त्यांतल्या एकाच्याही काखेकडे माझं लक्ष गेलं नाही. तू शेकडो मैलांवर, दोन हजार सारख्या जोडांमध्ये उभा राहून एका आकड्यावरून ते पाहिलंस.

तुझे प्रश्न मी तिला जसेच्या तसे पाठवले, आणि किंमत पाऊण जोडाची आहे हेही. त्याच दिवशी उत्तर आलं. एक कुबडी, उजव्या काखेत. उंची तिने पट्टीने मोजून लिहिली आहे. किंमत कबूल आहे. पुढे लिहिलंय की ती एकतीस वर्षांची आहे, आजवर पुष्कळ लोकांनी तिच्या पायाबद्दल विचारलं, कुबडीबद्दल हे पहिल्यांदाच. माप कागदावर पाठवणार नाही म्हणते. स्वतः येणार आहे. रात्रभराचा प्रवास आहे, पण ती म्हणते, चालेल.

येत्या सोमवारी, सकाळी अकराला. बाबांचं स्टूल पुसून खिडकीपाशी ठेवलं आहे.

माप कोण घेणार, असं तिने विचारलं होतं. मी लिहिलं, माझा दादा.